राष्ट्रपतींची सही आणि राष्ट्राची सुरक्षा

(नाशिक रोड येथे पक्षकार्यकर्त्यांपुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)



नाशिक रोडला राज्यसंस्थेची दोन रूपे शेजारी शेजारी उभी आहेत. एक सरकारी छापखान्याचे. १९२८ पासून येथे देशाच्या चलनी नोटा छापल्या जात आहेत. दुसरे मध्यवर्ती कारागृहाचे. पहिल्या ठिकाणी राज्याची पत कागदावर उमटते, दुसऱ्या ठिकाणी राज्याची सत्ता माणसाच्या देहावर उमटते. १९३२-३३ साली याच कारागृहात जयप्रकाश नारायण, अच्युत पटवर्धन, मिनू मसानी, अशोक मेहता, ना. ग. गोरे ही तरुण मंडळी बंदिवासात होती आणि तेथील चर्चांतूनच १९३४ च्या काँग्रेस समाजवादी पक्षाची कल्पना आकाराला आली. परकी सरकारच्या दृष्टीने ती माणसे शांततेला व सुव्यवस्थेला धोका होती. पुढे बेचाळीस वर्षांनी स्वतंत्र भारताच्या सरकारनेही त्याच जयप्रकाशांना सुरक्षेला धोका म्हणूनच अटक केली. आणि अंतर्गत सुरक्षेच्या कायद्याखाली स्थानबद्ध झालेल्या माणसांनी नाशिक रोडचे हे कारागृह पुन्हा भरले. सरकार बदलले, शब्द मात्र तोच राहिला. म्हणून त्या शब्दाची परीक्षा करण्यास याहून योग्य स्थळ नाही.

सत्तांतराचा वाद पेटला की एक युक्तिवाद हमखास पुढे येतो. सर्वोच्च पदाविषयी संशय निर्माण झाला तर देश दुबळा दिसेल, शत्रूला संधी मिळेल, सबब वाद आवरता घ्या व जो अधिकारावर आहे त्याच्या पाठीशी उभे राहा, असा तो युक्तिवाद आहे. वरवर पाहता तो देशभक्तीचा वाटतो. परंतु भारताच्या राष्ट्रपतिपदाचा इतिहास त्याच्याविरुद्ध साक्ष देतो.

प्रथम १९६९ साल पाहू. ३ मे रोजी राष्ट्रपती झाकिर हुसेन यांचे पदावर असतानाच निधन झाले. उपराष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी हंगामी राष्ट्रपती झाले. मात्र तेही निवडणूक लढवू इच्छित होते आणि त्यासाठी पद सोडणार होते. राष्ट्रपती नाही, उपराष्ट्रपतीही नाही, अशा वेळी काय करावयाचे याची तरतूद घटनेने संसदेवर सोपविली होती, व संसदेने ती तोवर केलेली नव्हती. मग त्याच मे महिन्यात कायदा झाला की अशा प्रसंगी सरन्यायाधीशांनी राष्ट्रपतींचे कार्य पाहावे. १९ जुलैला चौदा बँकांच्या राष्ट्रीयीकरणाचा वटहुकूम निघाला, दुसऱ्याच दिवशी गिरींनी पद सोडले आणि सरन्यायाधीश एम. हिदायतुल्ला राष्ट्रपती भवनात आले.

ही काही शांततेची वेळ नव्हती. सत्तारूढ काँग्रेस उभी दुभंगत होती. बंगळूरच्या बैठकीत संसदीय मंडळाने नीलम संजीव रेड्डी यांचे नाव बहुमताने ठरविले, त्यात यशवंतराव चव्हाण रेड्डींच्या बाजूने होते. हेच यशवंतराव १९६३ साली संरक्षणमंत्री असताना नाशिकमधून लोकसभेवर बिनविरोध निवडून गेले होते. पंतप्रधानांनी मात्र पक्षाच्या उमेदवाराऐवजी सदसद्विवेकबुद्धीने मत देण्याचा मार्ग मोकळा केला. स्वतंत्र पक्ष आणि जनसंघ यांनी चिंतामणराव देशमुखांना उभे केले. हे तेच देशमुख, ज्यांनी १९५६ साली मुंबईच्या प्रश्नावर केंद्रीय अर्थमंत्रिपदाचा राजीनामा दिला. आणि हेच रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, ज्यांची सही १९४३ नंतरच्या नोटांवर येथल्या छापखान्यातील कामगारांनी छापली.

१६ ऑगस्टला मतदान झाले. पहिल्या पसंतीत गिरींना ४,०१,५१५, रेड्डींना ३,१३,५४८ आणि देशमुखांना १,१२,७६९ मतमूल्य मिळाले. विजयास ४,१८,१६९ हवे होते. कोणालाच ते मिळाले नाही. दुसऱ्या पसंतीची मते मोजून झाल्यावर गिरी ४,२०,०७७ वर पोहोचले व रेड्डी ४,०५,४२७ वर थांबले. इतक्या निसटत्या फरकाने या देशाचा राष्ट्रपती त्यापूर्वी कधी निवडला गेला नव्हता. वाद तेथेही संपला नाही. निवडणुकीत रेड्डींविरुद्ध एक निनावी पत्रक वाटले गेले होते. त्यावरून निवडच रद्द करावी, अशा याचिका सर्वोच्च न्यायालयात दाखल झाल्या. आणि मग जे घडले ते प्रत्येक कार्यकर्त्याने लक्षात ठेवावे असे आहे. पदावर असलेले राष्ट्रपती स्वतः न्यायालयात साक्षीला गेले, त्यांची उलटतपासणी झाली, आणि मे १९७० मध्ये याचिका फेटाळल्या गेल्या.

आता विचारावे की या साऱ्या काळात देशाची सुरक्षा कोठे ढासळली? चार महिन्यांच्या आत राष्ट्रपतींचे कार्य एका हातातून दुसऱ्या आणि दुसऱ्यातून तिसऱ्या हातात गेले. सरन्यायाधीश राष्ट्रपती भवनात असतानाच अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन भारतात येऊन गेले. बँक राष्ट्रीयीकरणाचे विधेयक संमत होऊन त्यावर हिदायतुल्लांची सही झाली. सैन्य आपल्या जागी राहिले, सीमा आपल्या जागी राहिल्या. कारण साधे होते. वाद उघड्यावर होता, त्याला नियम होते, आणि त्याचा निकाल देणारी जागा सर्वांना ठाऊक होती. खुर्ची रिकामी असणे हा धोका नव्हे. ती कशी भरावयाची याचा नियम मोडला जाणे हा धोका.

याउलट १९७५ साली राष्ट्रपतिपद रिकामे नव्हते, त्यावर कोणाचा दावाही नव्हता. वाद पंतप्रधानपदाचा होता. १२ जूनला अलाहाबाद उच्च न्यायालयाने इंदिरा गांधींची निवडणूक रद्द ठरविली. २४ जूनला सर्वोच्च न्यायालयाने सशर्त स्थगिती दिली. २५ जूनच्या सायंकाळी दिल्लीच्या रामलीला मैदानावर जयप्रकाशांची सभा झाली. आणि त्याच रात्री राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद यांनी आणीबाणीच्या उद्घोषणेवर सही केली. अंतर्गत अशांततेमुळे भारताच्या सुरक्षेला धोका उत्पन्न झाला आहे, हे त्याचे कारण देण्यात आले.

विरुद्ध बाजूचे म्हणणेही प्रामाणिकपणे मांडले पाहिजे. बेकायदेशीर हुकूम पाळू नका, असे पोलीस व सैन्य यांना उद्देशून जयप्रकाश म्हणत होते, आणि कोणत्याही सरकारला त्याची चिंता वाटणे स्वाभाविक होते, असे आजही सांगितले जाते. ती चिंता क्षणभर खरी मानली तरी दोन प्रश्न उरतात. पहिला असा की बांगलादेशाच्या युद्धाच्या वेळी, ३ डिसेंबर १९७१ रोजी पुकारलेली बाह्य आणीबाणी अजून चालूच होती. अंतर्गत सुरक्षा कायदाही १९७१ पासून हाताशी होता. मग त्या रात्री नव्या उद्घोषणेची निकड देशाला होती की एका व्यक्तीच्या खुर्चीला? दुसरा प्रश्न सहीचा. पंतप्रधानांनी राष्ट्रपतींना लिहिलेल्या गुप्त पत्रात म्हटले होते की मंत्रिमंडळापुढे हा विषय नेण्यास त्या रात्री अवधी नाही. परंतु मंत्रिमंडळ पहाटे सहाला बोलावता आले. जे मंत्री पहाटे सहाला जमू शकले, ते मध्यरात्रीपूर्वी जमू शकले नसते काय?

नाशिक रोडच्या कामगाराला सहीची किंमत शिकवावी लागत नाही. नोटेवर सही असते म्हणून ती नोट होत नाही. तिच्यामागे रिझर्व्ह बँकेचे दायित्व असते, प्रत्येक नोटेला क्रमांक असतो, छापखान्यातल्या कागदाचा हिशेब द्यावा लागतो. हा हिशेब नसेल तर सही कितीही हुबेहूब असो, तो कागद खोटाच. राष्ट्रपतींच्या सहीचेही तसेच आहे. तिच्यामागे मंत्रिमंडळाचा सामुदायिक निर्णय, त्यामागे संसद, आणि त्यामागे जनता असते. २५ जूनच्या रात्री सही खरी होती. तिच्यामागचा हिशेब मात्र दुसऱ्या दिवशी जुळविण्यात आला.

त्यानंतर काय झाले हे तारखांवरूनच कळते. ऑगस्ट १९७५ मध्ये अडतिसाव्या घटनादुरुस्तीने आणीबाणीबाबत राष्ट्रपतींची खात्री अंतिम ठरविली. न्यायालयाने तिच्याकडे पाहावयाचे नाही. लगोलग एकोणचाळिसावी दुरुस्ती आली आणि तिने राष्ट्रपती, उपराष्ट्रपती, पंतप्रधान व लोकसभेचे सभापती यांच्या निवडणुकांचे वाद न्यायालयाच्या कक्षेबाहेर नेले. ज्या न्यायालयात पाच वर्षांपूर्वी एक राष्ट्रपती स्वतः साक्ष देऊन आले होते, त्या न्यायालयाचे दार आता राष्ट्रपतींच्याच सहीने बंद झाले. पंतप्रधानांच्या निवडणुकीविषयीचा भाग सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबरमध्ये रद्द केला खरा. परंतु २८ एप्रिल १९७६ रोजी त्याच न्यायालयाने चार विरुद्ध एक मताने सांगितले की स्थानबद्धाला आपल्या अटकेविरुद्ध दाद मागता येणार नाही. न्या. एच. आर. खन्ना एकटे विरोधात उभे राहिले. बहुमतात न्या. यशवंत चंद्रचूड होते. २०१७ साली तो निर्णय चुकीचा ठरविणाऱ्या निकालपत्रात त्यांचेच पुत्र न्या. धनंजय चंद्रचूड यांचा मजकूर आहे. न्यायाला एकेचाळीस वर्षे लागली. स्थानबद्धाचे गेलेले दिवस मात्र कोणताही निकाल परत देत नाही.

परंतु दुसऱ्याच्या चुका मोजून थांबणे हे समाजवाद्याला शोभत नाही. ११ फेब्रुवारी १९७७ रोजी राष्ट्रपती अहमद वारले. ऐन निवडणुकीच्या तोंडावर पद रिकामे झाले. पण उपराष्ट्रपती बा. दा. जत्ती यांनी कार्यभार घेतला, मतदान झाले, आणि २१ मार्चला अंतर्गत आणीबाणी उठली. सत्तांतर सुरळीत पार पडले. त्यानंतर जनता सरकारने, ज्यात मधू दंडवते व जॉर्ज फर्नांडिस हे समाजवादी मंत्री होते, नऊ राज्यांच्या विधानसभा बरखास्त करण्याचा सल्ला जत्तींना दिला. सही करण्यास ते कचरले. सर्वोच्च न्यायालयाने राज्यांची दाद फेटाळल्यावर ३० एप्रिलला त्यांनी सही केली. लोकांनी ज्यांना नाकारले त्यांनी राज्य करू नये, हे जनता पक्षाचे म्हणणे कानाला गोड होते. पण फेब्रुवारी १९८० मध्ये सत्तेवर परतलेल्या इंदिरा गांधींनी तोच दाखला वापरून नऊ विधानसभा मोडल्या, आणि त्यांत महाराष्ट्राची, पुरोगामी लोकशाही दलाच्या सरकारची विधानसभाही गेली. आपल्या हाताने पाडलेली वाट पुढे शत्रूच्याही उपयोगी पडते, हा धडा तेथे मिळाला.

त्याच जनता सरकारच्या खात्यावर एक भरीव जमाही आहे. अंतर्गत सुरक्षा कायदा रद्द झाला. १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने ‘अंतर्गत अशांतता’ हा सैल शब्द काढून ‘सशस्त्र उठाव’ हा शब्द घातला. मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी असल्याखेरीज राष्ट्रपतींनी उद्घोषणा करू नये, महिन्याच्या आत संसदेने विशेष बहुमताने ती मान्य करावी, आणि जीविताचा व व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क कोणत्याही आणीबाणीत निलंबित होऊ नये, असे ठरविले. राष्ट्रपतींना मंत्रिमंडळाचा सल्ला एकदा फेरविचारार्थ परत पाठविण्याचा अधिकारही मिळाला. तेव्हापासून देशात राष्ट्रीय आणीबाणी पुकारली गेलेली नाही.

हा प्रश्न केवळ भारताचा नाही. अमेरिकेत ३ नोव्हेंबर २०२० च्या निवडणुकीनंतर पराभूत अध्यक्षांनी निकाल मानला नाही. नव्या अध्यक्षांच्या हाती कारभार सोपविण्याची अधिकृत प्रक्रिया २३ नोव्हेंबरपर्यंत अडली, आणि ६ जानेवारी २०२१ ला जमाव संसदेच्या इमारतीत शिरला. त्याच देशात २००० सालच्या निकालाचा वाद लांबल्याने नव्या सरकारच्या सुरक्षाविषयक नेमणुकांना उशीर झाला, असे २००१ च्या दहशतवादी हल्ल्यांची चौकशी करणाऱ्या आयोगाने नमूद केले होते. म्हणजे सत्तांतर आणि सुरक्षा यांचा संबंध आहेच. पण तो सत्ताधारी सांगतात त्याच्या नेमका उलट आहे. सत्ता वेळेवर व नियमाने सोडणे हेच सुरक्षेचे पहिले काम होय.

यातून कार्यकर्त्याने तीन प्रश्न पाठ करून ठेवावेत. सुरक्षेच्या नावाने जो अधिकार मागितला जातो, तो कोणाच्या खात्रीवर चालणार? त्या खात्रीला प्रश्न विचारण्याची जागा कोणती? आणि त्या अधिकाराची मुदत केव्हा संपणार? अंतर्गत सुरक्षा कायदा गेला, पण १९८० साली राष्ट्रीय सुरक्षा कायदा आला. जुलै २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या विधिमंडळाने विशेष जनसुरक्षा विधेयक संमत केले. संघटना बेकायदेशीर ठरविण्याचा अधिकार त्यात शासनाकडे दिला आहे. त्याला पाठिंबा देणाऱ्याने आणि विरोध करणाऱ्यानेही हेच तीन प्रश्न विचारावेत, आणि उद्या सत्ता आपल्या मित्रांकडे आली तरी ते विचारणे थांबवू नये.

येथील छापखान्यात सुरक्षा म्हणजे प्रत्येक कागदाचा हिशेब. राज्याच्या सुरक्षेचा अर्थही याहून निराळा नाही. ज्या सहीचा हिशेब मागता येत नाही, ती सही ज्याची असेल त्याची असो, तिच्यापासूनच राष्ट्राला जपले पाहिजे.