कार्यकर्तीचे धैर्य आणि शासनाची जबाबदारी

गावोगाव हिंडणाऱ्या कार्यकर्तीच्या धैर्याची आपण मुक्तकंठाने स्तुती करतो; पण तिच्या रक्षणाची जबाबदारी कोणाची, असे विचारताच सारे मौन धरतात. राजस्थानातील भटेरी गावच्या भंवरीदेवी शासनाच्या महिला विकास कार्यक्रमात ‘साथिन’ होत्या. बालविवाह रोखण्याचे सोपवलेले काम त्यांनी केले, म्हणून १९९२ साली त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. पुढे गावाने बहिष्कार घातला; १९९५ मध्ये न्यायालयाने आरोपींना बलात्काराच्या आरोपातून मुक्त केले. देहावरील अत्याचारानंतर अविश्वासाची ही यातना वर्षानुवर्षे चालली.

याच प्रकरणातून १९९७ चा ‘विशाखा’ निकाल आणि पुढे २०१३ चा लैंगिक छळविरोधी कायदा आला. कामानिमित्त स्त्री जेथे जाते ते प्रत्येक स्थळ, मालकाने पुरवलेले वाहनसुद्धा, या कायद्याने कामाचे ठिकाण ठरवले. परंतु २००५ पासून दारोदार फिरणारी ‘आशा’ शासनदरबारी ‘स्वयंसेविका’च राहिली. २०२० च्या करोनासाथीत पाहणीस गेलेल्या आशांवर अनेक ठिकाणी हल्ले झाले.

तेव्हा मागणी स्पष्ट हवी. धोक्याच्या वस्तीत एकटीला पाठवू नये. जाण्यायेण्याची नोंद व वाहनाची सोय असावी. भय वाटल्यास मोबदला न गमावता परत फिरण्याचा हक्क असावा. आघातानंतर वैद्यकीय, मानसिक व कायदेशीर साहाय्य मिळावे. जो काम सोपवतो, त्यानेच सुरक्षिततेचा भार उचलला पाहिजे. तो कार्यकर्तीच्या धैर्यावर टाकणे हे शोषणच होय.