सरांनी चूक केली तर विचारायचं कुणाला? शाळा, शिक्षक आणि कायदा

अर्धापूरहून बोलतोय.

आजचा विषय जरा अवघड आहे, पण टाळून चालणार नाही. शाळेत शिक्षकानं, शिपायानं, संस्थेच्या कुणी लेकराशी वाईट वर्तन केलं, तर कायदा काय म्हणतो? आणि आपण काय करायचं?

आपल्याकडं सर-मॅडमचा मान मोठा. असायलाच पाहिजे. केळीच्या बागेत, हळदीच्या रानात दिवसभर राबणाऱ्या माय-बापाला वाटतं, सर म्हणतील ते खरं. त्यामुळं काही घडलं की पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "जाऊ द्या, गावातच मिटवू." संस्थाचालक ओळखीचे, सर पाहुण्यातले, वरून लेकीच्या बदनामीची भीती. आजचा भाग या एका वाक्याबद्दल आहे. कारण काही गोष्टी अशा आहेत, की त्या गावात मिटवणं हाच गुन्हा आहे.

बदलापूर आठवतं ना? ऑगस्ट 2024. शाळेत दोन चिमुकल्या मुलींवर अत्याचार झाल्याची तक्रार. आरोपी शिक्षक नव्हता, शाळेतला सफाई कर्मचारी होता. 20 ऑगस्टला लोक रेल्वे रुळावर उतरले. पण राग फक्त आरोपीवर होता का? नाही. राग उशिराचा होता. गुन्हा नोंदवायला वेळ लावला म्हणून पोलीस निलंबित झाले. आणि शाळेनं पोलिसांना कळवलं नाही, म्हणून शाळेच्या लोकांवरही गुन्हा दाखल झाला. पुढं ऑक्टोबरमध्ये संस्थेच्या अध्यक्ष आणि सचिवांना अटक झाली.

हे कोणत्या कायद्यानं झालं? पोक्सो, 2012. अठरा वर्षांखालच्या मुलामुलींचं लैंगिक अत्याचारापासून संरक्षण करणारा कायदा. मुलगी आणि मुलगा, दोघांनाही लागू. त्यातली दोन कलमं लक्षात ठेवा.

कलम 19 म्हणतं, असा गुन्हा घडलाय हे ज्याला कळलं, किंवा घडेल अशी शंका आली, त्यानं पोलिसांना कळवलंच पाहिजे. "ज्याला" म्हणजे कुणालाही. हेडमास्तर, क्लासटीचर, स्कूल व्हॅनचा ड्रायव्हर, सरपंच. तू अठरा पूर्ण केलेला मोठा भाऊ असशील, तर तूसुद्धा.

कलम 21 म्हणतं, कळवलं नाही तर 6 महिन्यांपर्यंत कैद. आणि संस्थेच्या प्रमुखानं आपल्या हाताखालच्या माणसाचा गुन्हा लपवला, तर 1 वर्षापर्यंत कैद आणि दंड. लहान लेकरू गप्प राहिलं तर त्याला मात्र शिक्षा नाही.

आणखी एक प्रकरण सांगतो. चंद्रपूर जिल्ह्यातलं राजुरा, 2019. शाळेच्या वसतिगृहात आदिवासी मुलींवर अत्याचार झाल्याचं बाहेर आलं. त्या मुलींवर उपचार करणाऱ्या डॉक्टरवर आरोप होता, की त्याला कळलं होतं पण त्यानं कळवलं नाही. हायकोर्टानं त्याच्यावरचा गुन्हा रद्द केला. राज्य सरकार सुप्रीम कोर्टात गेलं. 2 नोव्हेंबर 2022 ला सुप्रीम कोर्टानं तो निर्णय फिरवला आणि सांगितलं, की वेळेवर कळवणं ही या कायद्यातली फार महत्त्वाची गोष्ट आहे. गप्प राहणाऱ्यालाही कोर्टाची पायरी चढावी लागते, ती अशी.

आता काही जण म्हणतील, "उगं आपल्याच अंगलट आलं तर?" त्याचीही सोय आहे. चांगल्या हेतूनं कळवणाऱ्यावर कारवाई होत नाही, हे कलम 19 मध्येच लिहिलंय. खुन्नस काढायला मुद्दाम खोटी तक्रार करणाऱ्याला शिक्षा आहे. तुम्ही पुरावा गोळा करायचा नाही, लेकराची उलटतपासणी घ्यायची नाही. ऐकायचं आणि कळवायचं. 1098 किंवा 112 लावा. ठाण्यात गुन्हा नोंदवायला नकार दिला, तर सगळं कागदावर लिहून नांदेडला पोलीस अधीक्षकांना पाठवा, पोस्टानं पाठवलं तरी चालतं.

पण शाळेतली प्रत्येक चूक पोक्सोची नसते. छडी, उठाबशा, वर्गासमोर जातीवरून, घरच्या गरिबीवरून टोमणे. "आम्हाला बी मारलं, म्हणून तर घडलो," असं घरचे म्हणतात. म्हणू द्या. 2010 पासून लागू असलेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 नं शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास, दोन्ही बंद केलेत. तो कायदा 6 ते 14 वयासाठी. म्हणजे दहावीच्या पोराला झोडायची मुभा आहे का? नाही. मारहाणीचा साधा कायदा सगळ्यांनाच लागू आहे.

त्याच कायद्याचं कलम 24 शिक्षकाला सांगतं, वेळेवर या, अभ्यासक्रम पूर्ण करा, पालकांना नियमित भेटा. कलम 28 सांगतं, खाजगी शिकवणी घेऊ नका. म्हणजे "माझ्या ट्यूशनला ये, नाहीतर बघतो" हे चालत नाही. आणि खरं ते खरं, कलम 27 शिक्षकाच्याही बाजूचं आहे. जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून त्याला दुसऱ्या कामाला जुंपता येत नाही.

मग जायचं कुणाकडं? आधी मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समिती. त्या समितीत 75 टक्के पालक असतात. आपल्या शाळेच्या समितीत कोण आहे, हे आजच विचारा. त्यानंतर पंचायत समितीत गटशिक्षणाधिकारी. कलम 32 खाली लेखी तक्रार केली, तर 3 महिन्यांत निर्णय द्यायचा असतो. तक्रारीच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही, तारीख घ्या. पुढं काय झालं ते कुणी सांगेना, तर माहिती अधिकाराचा अर्ज टाका.

शिक्षकावर कारवाई कशी होते? जिल्हा परिषदेच्या शिक्षकाला 1964 चे शिस्त व अपील नियम लागू. खाजगी संस्थेच्या शाळेला 1977 चा कायदा आणि 1981 ची नियमावली. तिथं तीन जणांची चौकशी समिती बसते. एक संस्थेचा, एक त्या शिक्षकानं निवडलेला आणि एक पुरस्कारप्राप्त शिक्षक. नोकरी गेली तर 30 दिवसांत शाळा न्यायाधिकरणात अपील करता येतं. म्हणजे संस्थाचालकाची मर्जी फिरली म्हणून प्रामाणिक सरांना घरी बसवता येत नाही. हे चांगलंच आहे. आरोप झाला म्हणजे दोष सिद्ध झाला, असं नसतं. पण एक लक्षात घ्या, ही समिती नोकरीचं बघते. पोक्सोचा गुन्हा असेल तर तिच्या अहवालाची वाट बघत बसायचं नाही. पोलिसांकडं आधी जायचं.

बदलापूरनंतर सरकारनं 21 ऑगस्ट 2024 ला जीआर काढला. शाळेत सीसीटीव्ही, तक्रारपेटी, कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी, सखी सावित्री समिती. मालेगाव असो, येळेगाव असो, आपल्या शाळेत यातलं काय आहे आणि काय फक्त कागदावर, ते जाऊन बघा. पेटी असेल तर ती उघडतं कोण, तेही विचारा.

शेवटचं, मोबाईल हातात असलेल्या आपल्या सगळ्यांसाठी. पीडित लेकराचं नाव, फोटो, घर, शाळा, ओळख पटेल असं काहीही ग्रुपवर टाकू नका. कलम 23 नं ओळख उघड करायला मनाई आहे. स्टेटस ठेवून न्याय मिळत नाही, उलट त्या लेकराला गावात फिरणं मुश्कील होतं. राग आलाय ना? मग तोच फोन 1098 ला लावा.

तर मंडळी, लैंगिक त्रास असेल तर थेट पोलीस. मारहाण, टोमणे, गैरहजेरी, ट्यूशनची जबरदस्ती असेल तर लेखी तक्रार आणि पोच. आणि कुणी "गावातच मिटवू" म्हणालं, तर त्याला कलम 21 वाचून दाखवा.

प्रश्न असतील तर व्हॉइस नोट पाठवा, फक्त त्यात कुठल्या लेकराचं नाव घेऊ नका. हा भाग घरात वहिनीला, मावशीला, शाळेत लेकरू असलेल्या प्रत्येकाला ऐकवा. भेटू पुढच्या भागात. राम राम!