ग्रीक-रोमन पुराणकथा : वाचनाची सुरुवात कोठून करावी?

(विजयनगर, इंदूर येथे सभासदांपुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)



लाकूडतोड्याची गोष्ट मराठी घरात कोणाला ठाऊक नाही? कुऱ्हाड नदीत पडते, जलदेवता प्रकट होते, सोन्याची व चांदीची कुऱ्हाड नाकारणाऱ्या त्या प्रामाणिक माणसाला अखेरीस तिन्ही मिळतात. इसापाच्या ग्रीक कथेत मात्र पाण्यात बुडी मारणारा देव आहे हर्मीस. रोमन लोक त्यालाच मर्क्युरी म्हणत. सदाशिव काशीनाथ छत्रे यांनी केलेला इसापाच्या कथांचा मराठी अनुवाद १८२८ साली प्रसिद्ध झाला. म्हणजे ग्रीक कथा आपल्या ओसरीवर येऊन दोनशे वर्षे होत आली. कथा घरात आल्या, त्यांतील दैवते मात्र नाव बदलून आली.

दुसरे उदाहरण मिडास राजाचे. त्याने मिठी मारताच त्याची लाडकी मुलगी सोन्याची होते, हा प्रसंग लहानपणी वाचलेला माणूस जन्मभर विसरत नाही. परंतु रोमन कवी ओव्हिड याने ही कथा सांगितली, तीत मुलगी नाही. तेथे अन्न सोन्याचे होते, मद्य सोन्याचे होते, आणि भुकेने व्याकूळ झालेला राजा वर परत घे म्हणून देवाला विनवतो. मुलगी आणली ती नॅथॅनिएल हॉथॉर्न या अमेरिकन कथाकाराने, १८५१ च्या आपल्या मुलांसाठीच्या पुस्तकात. भर सुंदर आहे, यात शंका नाही. मात्र ती हॉथॉर्नची आहे, हे वाचकाला कळले पाहिजे. शकुंतला महाभारतातली कोणती आणि कालिदासाची कोणती, हा विवेक आपण आपल्या ग्रंथांबाबत करतोच. तोच येथेही हवा.

या कथांचा एकच असा मूळ ग्रंथ नाही. होमर, हेसिअड, शोकांतिकाकार आणि पुढे रोमन कवी, प्रत्येकाने त्या आपापल्या परीने सांगितल्या. म्हणून पहिले पुस्तक निवडताना ते सोपे आहे की नाही, एवढेच पाहून भागत नाही. कोणती कथा कोणाकडून घेतली हे ते सांगते का, हेही पाहावे. या कसोटीवर एडिथ हॅमिल्टन यांचे १९४२ चे ‘मिथॉलॉजी’ आजही उजवे ठरते. कथेच्या आरंभीच ती कोणत्या प्राचीन लेखकाच्या आधारे सांगितली आहे, याची छोटी टीप त्या देतात. थॉमस बुलफिंचचे ‘द एज ऑफ फेबल’ (१८५५) रसाळ आहे, परंतु ते सभ्य घरांतील वाचनासाठी पुष्कळ गाळून, सोवळे करून लिहिलेले आहे, आणि देवांची नावे बहुतांशी रोमन आहेत. रॉबर्ट ग्रेव्ह्जचा ‘द ग्रीक मिथ्स’ (१९५५) हा ग्रंथ कथाभेदांच्या संग्रहासाठी मोलाचा. त्याने लावलेले अर्थ मात्र अनेक अभ्यासकांना मान्य झालेले नाहीत. नवख्याच्या हाती तो प्रथम देऊ नये.

आणि मराठी वाचकाने हे सारे कशासाठी वाचावे? तर आपलेच साहित्य नीट वाचता यावे म्हणून. पु. ल. देशपांडे यांची ‘ती फुलराणी’ १९७५ साली रंगभूमीवर आली. ती शॉच्या ‘पिग्मॅलियन’वरून घेतलेली, हे पुष्कळांना माहीत असते. पिग्मॅलियन हा आपण घडवलेल्या पुतळ्याच्या प्रेमात पडलेला शिल्पकार आणि देवीच्या कृपेने तो पुतळा जिवंत झाला, हे कळले की मंजुळेला घडवणाऱ्या प्राध्यापकाकडे पाहण्याची दृष्टीच पालटते. जी. ए. कुलकर्णी यांच्या ‘पिंगळावेळ’मध्ये ‘ऑर्फियस’ ही कथा आहे. मृत पत्नीला पाताळातून परत आणायचे, पण वाटेत मागे वळून पाहायचे नाही, ही अट ज्याला ठाऊक नाही, त्याला जी. एं.नी त्या कथेला आपले असे काय दिले ते कसे उमगणार? हे दोन्ही कथाविषय ओव्हिडच्या ‘मेटामॉर्फसिस’च्या दहाव्या सर्गात जवळजवळ आले आहेत, मिडास अकराव्यात. पंधरा सर्गांचे हे काव्य हॅमिल्टननंतर एखाद्या सुबोध इंग्रजी अनुवादातून अवश्य वाचावे.

पु. लं.नीच ‘राजा ओयदिपौस’ मराठीत आणला. सोफोक्लीसच्या प्रेक्षकाला राजाच्या जन्माचे रहस्य पडदा उघडण्यापूर्वीच माहीत होते. (पडदा आपला, त्यांच्या रंगभूमीवर तो नव्हता.) कर्ण कोणाचा पुत्र, हे आपल्या प्रेक्षकाला जसे माहीत असते, तसेच ते. सारी दारुणता त्या पूर्वज्ञानावर उभी आहे. विंदा करंदीकरांचे ‘अॅरिस्टॉटलचे काव्यशास्त्र’ हाती घेणाऱ्या विद्यार्थ्यालाही आधी ही कथा कळलेली असावी.

येथे एक सावधगिरी. झ्यूस, ज्युपिटर आणि वेदांतील द्यौष्पितृ ही नावे सगोत्र आहेत, हे भाषाशास्त्राने सिद्ध झालेले आहे. त्यावरून ग्रीकांनी सारे आपल्याकडून उचलले, असा निष्कर्ष काढण्याची हौस आपल्याकडे आहे. एका घराण्यातील दोन भावंडांनी एकमेकांची चोरी केली असे कोणी म्हणत नाही.

विजयनगर ही इंदुराची नवी वस्ती. येथील मराठी मुलांच्या घरात मराठी, रस्त्यावर हिंदी आणि शाळेत बहुधा इंग्रजी असते. मराठी वाचनालयाची पायरी ती क्वचितच चढतात. परंतु रिक रायर्डनच्या पर्सी जॅक्सनमुळे (पहिली कादंबरी २००५ ची) पोसायडन व अथीना त्यांना घरच्या माणसांइतके परिचित झाले आहेत. ‘राजा ओयदिपौस’ वाचलेले आजोबा आणि पर्सी जॅक्सन वाचणारा नातू यांना एका कपाटापुढे उभे करील असा विषय दुसरा शोधून सापडणार नाही. आश्रयदात्यांनी देणगीची पुस्तके निवडताना हे ध्यानी घ्यावे, आणि मुलांच्या इंग्रजी पुस्तकांशेजारीच पु. ल. व जी. ए. ठेवावेत. मुलांसाठी ग्रीक पुराणकथा आधारांसह मराठीत सांगणाऱ्या नव्या पुस्तकाची गरज तर आहेच. येथील सभासदांतून कोणी ते काम हाती घेतले तर वाचनालयाने त्याच्या पाठीशी उभे राहावे.

ग्रंथपालांना एक विनंती. हाच राजा मराठीत इडिपस, ईडिपस आणि ओयदिपौस अशा तीन तऱ्हांनी लिहिला जातो. सूचीत एकाच नावाखाली त्याची पुस्तके नोंदवावीत आणि उरलेल्या दोन नावांच्या पत्रिकांवर ‘तेथे पाहा’ अशी खूण करून ठेवावी.