पान्हा कोणाच्या हाती?



जाहिरातीत ‘यंत्रमानव’ हा शब्द वाचून पुढच्या रांगेत बरीच बालमंडळी येऊन बसलेली दिसतात. त्यांची थोडी निराशा होणार आहे, हे आधीच सांगून टाकतो. मी बरोबर यंत्रमानव आणलेला नाही. मी बोलणार आहे तो यंत्रमानव तयार करणाऱ्या शाळकरी मुलांविषयी आणि ती मुले आपल्याहून धाकट्यांना काय देतात याविषयी.

प्रथम हकीकत सांगतो. अमेरिकेत डीन केमेन नावाचे एक संशोधक आहेत. वैद्यकीय उपकरणांच्या शोधांमुळे त्यांचे नाव झाले. खेळाडू आणि नट यांच्यामागे धावणाऱ्या मुलांना विज्ञानाचे वेड का लागू नये, हा प्रश्न त्यांना छळत असे. म्हणून 1989 साली त्यांनी ‘फर्स्ट’ नावाची संस्था काढली. एमआयटीतील प्राध्यापक वुडी फ्लॉवर्स त्यांना येऊन मिळाले. 1992 साली न्यू हॅम्पशायरमधील मँचेस्टर गावी, एका शाळेच्या व्यायामशाळेत, 28 संघांची पहिली स्पर्धा झाली. मुलांनी इंजिनियरांच्या मदतीने यंत्रे बांधायची आणि ती मैदानात उतरवायची, असा हा खेळ. आज या स्पर्धेतील यंत्र पन्नास किलोच्या आसपास भरते. तीन संघ एका बाजूला, तीन दुसऱ्या बाजूला. आणि सकाळचा सोबती दुपारी प्रतिस्पर्धी होऊ शकतो. त्यामुळे शेजाऱ्याचे यंत्र बिघडले तर आपल्या पेटीतला सुटा भाग त्याला देणे हीच तिथली रीत झाली आहे.

पण मला भुरळ पडली ती वेगळ्याच गोष्टीची. या स्पर्धेतील सर्वांत मानाचे पारितोषिक सामना जिंकणाऱ्या यंत्राला मिळत नाही! तीस वर्षे ते ‘चेअरमन्स अवॉर्ड’ म्हणून ओळखले जाई. 2023च्या हंगामापासून त्याचे नाव ‘इम्पॅक्ट अवॉर्ड’ झाले. ते देताना परीक्षक संघाला विचारतात : तुम्ही आपल्या गावासाठी काय केलेत? धाकट्यांना काय शिकवलेत? शेजारच्या शाळेत नवा संघ उभा राहावा म्हणून काय खटपट केलीत? मग मुले सांगतात की आम्ही वाचनालयात यंत्र नेऊन दाखवले, सुटीत वर्ग चालवले, प्राथमिक शाळेतील पोरांच्या संघाला हाताशी धरले. 1998 साली या संस्थेने लेगो कंपनीशी हातमिळवणी करून लहान मुलांसाठी वेगळी स्पर्धा सुरू केली, तेव्हापासून थोरल्यांना शिकवायला धाकटे आयतेच मिळाले.

आता कोणी म्हणेल, सोळा वर्षांचे पोर शिकवून शिकवून काय शिकवणार? मी आयुष्यभर मास्तरकी केली, म्हणून अनुभवाने सांगतो : पुष्कळदा ते आमच्यापेक्षा बरे शिकवते. आपण कोठे अडखळलो होतो ते मास्तर केव्हाच विसरलेला असतो. सोळा वर्षांच्या मुलाला मात्र ती ठेच अजून ठणकत असते. मोटारीच्या तारा उलट्या जोडल्या की चाक उलटे फिरते, हे त्याला परवाच कळलेले असते. शिवाय धाकट्याने ‘असे का?’ म्हणून विचारले की त्याचे स्वतःचे कच्चे ज्ञान उघडे पडते आणि त्याला घरी जाऊन पुन्हा पुस्तक उघडावे लागते.

आणि हा विचार अमेरिकेतून आला असे समजू नका. अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रासेत अँड्र्यू बेल नावाचे एक पाद्री अनाथ मुलांची शाळा चालवीत होते. एका देशी शाळेत मुले वाळूवर बोटाने अक्षरे गिरवताना त्यांना दिसली. आपल्याकडच्या धूळपाटीचीच ही बहीण! हीच रीत आपल्या शाळेत आणा, असे त्यांनी आपल्या शिक्षकाला सांगितले. पण त्याला ते साधेना. तेव्हा बेलसाहेबांनी ते काम एका आठ वर्षांच्या मुलावर सोपवले आणि त्या पोराने ते करून दाखवले! 1797 साली बेलसाहेबांनी यावर पुस्तक लिहिले आणि ‘मद्रास पद्धत’ या नावाने ती इंग्लंडभर पसरली.

पुढे मात्र या पद्धतीचे काय झाले? एका मास्तराच्या पगारात शेकडो मुले शिकतात, हा हिशेबच लोकांना अधिक आवडला. थोरला पोर मुकादम झाला आणि धाकटे घोकंपट्टी करू लागले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ती पद्धत मागे पडली. आकड्यांची भूल पडली आणि जीव गेला.

तोच धोका आजच्या या उपक्रमांनाही आहे, हे मी लपवणार नाही. जेथे सेवेला बक्षीस आहे, तेथे सेवेची मोजदाद आली. ‘आम्ही दोन हजार मुलांपर्यंत पोचलो’ असे सांगता येते. पण पोचलो म्हणजे काय? यंत्र दिव्यांच्या झगमगाटात फिरवले, पोरांनी टाळ्या पिटल्या आणि आम्ही गाडी भरून परतलो, याला मी शिकवणे म्हणत नाही. तो तमाशा झाला. माझी कसोटी साधी आहे : तासाच्या शेवटी पान्हा कोणाच्या हाती होता? धाकट्याचा नट वाकडा बसतो, थोरल्याचे हात शिवशिवतात, ‘दे इकडे’ हे शब्द ओठांवर येतात. त्या वेळी जो आपले हात खिशात ठेवतो, तो शिक्षक.

मी ज्या शाळेत शिकलो, तेथील प्रयोगशाळेच्या काचेच्या कपाटात एक सुंदर विद्युतघंटा होती. दरवर्षी आम्ही ती काचेतून पाहत असू. किल्ली कोणाकडे असे, ते शाळा सोडीपर्यंत कळले नाही. ती घंटा मी एकदाही वाजवली नाही, याची रुखरुख या वयातही आहे.

2016पासून आपल्या देशात हजारो शाळांतून अटल टिंकरिंग लॅब निघाल्या. सहावी ते बारावीच्या मुलांसाठी त्या आहेत. साधने आली, हे उत्तमच झाले. पण कपाट नवे आणि कुलूप जुने, असे होऊ नये. आपल्या गावातील ज्या शाळेत अशी प्रयोगशाळा असेल, तिच्या चालकांना माझी विनंती आहे. शनिवारी दुपारी नववीच्या चार मुलामुलींवर ती सोपवा. गुरुजींनी कोपऱ्यात बसून लक्ष ठेवावे. शेजारच्या नगरपालिकेच्या शाळेतील चौथीची दहाच मुले बोलवा; दोन हजार नकोत. पण तीच दहा मुले वर्षभर येऊ द्या. त्यांच्या हातून दोन-चार स्क्रू हरवतील, एखादी मोटार जळेल. तो खर्च शिक्षणाच्या खात्यावर मांडा.

आणि त्या दहांपैकी एखादी मुलगी पाच वर्षांनी नववीत गेली आणि दुसऱ्या कोणा चिमुरड्याच्या हाती पान्हा देऊन स्वतःचे हात खिशात घालून उभी राहिली, तर आपले काम झाले असे समजावे.