केसाहून बारीक खांब

तीस वर्षें मीं शाळेंत पदार्थविज्ञान शिकविलें. माझी स्वतःची मजल मात्र मॅट्रिकपुढें गेली नाहीं. स्थितिस्थापकत्वाचा धडा आला कीं मी आढ्याच्या आंकड्याला पोलादी तार टांगून तिला वजनें लावीत असें. वजन काढलें कीं तार पूर्ववत् होई. फाजील वजन पडलें कीं ती कायमची लांबे. "धातु अंतर्बाह्य एकसारखा असतो," हें वाक्य मी दरवर्षीं मुलांकडून घोकून घेत असें. त्या वर्गांतील एक मुलगी आज इंग्लंडांतील एका विद्यापीठांत डॉक्टरेटसाठीं संशोधन करीत आहे. गेल्या दिवाळींत ती भेटावयास आली आणि हंसत म्हणाली, "सर, तुमचें तें वाक्य खोडण्यांतच माझीं तीन वर्षें गेलीं!"

श्रोतेहो, हें खोडणें नुसतें पुस्तकी नाहीं. 30 सप्टेंबर 2017 रोजीं पॅरिसहून लॉस एंजेलिसला निघालेलें एक दुमजली एअरबस विमान ग्रीनलंडवरून जात असतां त्याच्या चार इंजिनांपैकीं एकाचा पुढील पंखा तुटून पडला. आंत 521 माणसें होतीं. वैमानिकांनीं विमान कॅनडांतील गूस बे येथें सुखरूप उतरविलें. पण पंखा तुटला कां? त्याचें उत्तर बर्फांत गाडलें गेलें होतें. पावणेदोन वर्षांनीं, 2019 च्या जूनअखेर, सुमारें चार मीटर बर्फाखालून पंख्याच्या तुंब्याचा हरवलेला तुकडा काढण्यांत आला.

हा तुंबा टिटॅनियमच्या मिश्रधातूचा होता. शंभरांत सहा भाग ॲल्युमिनियम, चार भाग व्हॅनेडियम, बाकी टिटॅनियम. पोलादाच्या निम्म्याहून थोडेंच अधिक वजन आणि जोर मात्र उत्तम; म्हणून विमानाच्या कामीं त्याची चाहत. तपासांत दिसलें कीं चीर पृष्ठभागावर नव्हे, आंत जन्मली होती. अशाच रीतीनें इंजिनांच्या चकत्या 1972 च्या सुमारासही फुटल्या होत्या, म्हणजे हा शत्रु जुनाच.

आतां धातूच्या पोटांत शिरूं. धातु असंख्य बारीक कणांचा बनतो आणि प्रत्येक कण हा एक स्फटिक असतो. त्यांतील परमाणूंचे थर एकमेकांवरून घसरले म्हणजे धातु वांकतो. मात्र सबंध थर एकदम घसरत नाहीं. लग्नघरीं अंथरलेलें भलें मोठें जाजम ओढून सरकत नाहीं. पण एका टोंकाला सुरकुती पाडून ती पुढें ढकलीत नेली तर एकटा मुलगाही तें सरकवितो. धातूंत अशी सुरकुती असते, हें 1934 सालीं टेलर, ओरोवन व पोलानी या तिघांनीं स्वतंत्रपणें मांडलें. 1956 मध्यें केंब्रिज येथें ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांत ती प्रत्यक्ष चालतांना दिसली.

टिटॅनियमचा स्फटिक षट्कोनी. आडव्या अंगानें ओढला तर सुरकुती सहज धांवते. उभ्या अक्षाच्या दिशेनें ओढला तर मोठी अडचण. म्हणून एकाच तुकड्यांत एक कण मऊ, तर शेजारचा हट्टी. विमान उड्डाण करतांना तुंब्यावर कांहीं मिनिटें सतत ताण राहतो. तेवढ्यांत मऊ कण हळूहळू अंग काढून घेतात आणि त्यांचा भार शेजारच्या हट्टी कणावर पडतो. एकत्र कुटुंबांत राहिलेल्यांना हें निराळें समजावून सांगावयास नको! हजारों उड्डाणांत हेंच घडत राहिलें, आणि एकाच दिशेचे पुष्कळ कण एका जागीं जमलेले असले, म्हणजे तेथें चीर पडते.

कोणता कण किती सोसतो, हें शोधणें हेंच माझ्या विद्यार्थिनीचें काम. गॅलियमच्या विद्युद्भारित परमाणूंच्या झोतानें ती एकेका कणांतून खांब कोरते. खांबाची जाडी मिलिमीटरच्या कांहीं हजारांश भागांइतकी. माणसाचा केस त्यापुढें वासा शोभावा! मग हिऱ्याच्या सपाट टोंकानें तो दाबावयाचा. यांत एक मोठी मेख आहे. 2004 सालीं अमेरिकेंत निकेलच्या अशा खांबांवर प्रयोग झाले, त्यांत खांब जितका बारीक तितका तो अधिक जोरदार ठरला. माझ्या तारेचा नियम तेथें चालेना. तेव्हां खांबावरील आंकडा जसाच्या तसा उचलून तुंब्याला लावणें म्हणजे घात. लहानपणामुळें आलेलें बळ कोणतें आणि कणाच्या दिशेचें कोणतें, हें आधीं निवडावें लागतें. तिचीं तीन वर्षें बहुतांशीं या निवडण्यांतच गेलीं आहेत.

गेल्या महिन्यांत तिचें पत्र आलें. मऊ व हट्टी कणांच्या सीमेवर कोरलेला एक खांब दोन मिनिटें स्थिर भाराखालीं धरला होता. त्याचें छायाचित्र सोबत होतें. मीं भिंग घेऊन पाहिलें. मऊ बाजूस तिरप्या रेघांची दाटी, जणूं सरकलेली पत्त्यांची चळत. सीमेपाशीं रेघा थांबलेल्या. पलीकडची बाजू अजून कोरी होती.