पदवी आणि पदविका
(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात तुमसर येथे दिलेले व्याख्यान)



आपल्या मुलामुलींच्या नावापुढे 'एम. बी. ए.' ही अक्षरे पाहून कोणास आनंद होणार नाही? धानाच्या बाजारपेठेत आणि मँगनीजच्या खाणींच्या परिसरात वाढलेली आपली तरुण पिढी व्यापाराचे शास्त्र रीतसर शिकू इच्छिते, ही अभिमानाचीच गोष्ट होय. परंतु जी अक्षरे परिचयपत्रकात, लग्नपत्रिकेत आणि स्मरणिकेत छापली जातात, त्यांचा अर्थ नीट समजून घेऊन मगच ती लिहावीत, एवढे आम्हांस नम्रपणे सुचवावयाचे आहे.

'मास्टर ऑफ बिझिनेस अ‍ॅडमिनिस्ट्रेशन' हे या पदवीचे पूर्ण नाव. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाने १९०८ साली हा अभ्यासक्रम सुरू केला. ही पदव्युत्तर पदवी आहे. म्हणजे आधी कोणत्याही शाखेचे पदवीधर झाल्यावाचून ती मिळत नाही. मुंबई विद्यापीठात याच तोडीची दोन वर्षांची पदवी 'एम. एम. एस.' या नावाने दिली जाते. ती तशीच लिहावी.

आता पदवी आणि पदविका यांतील भेद पाहू. १९५६ च्या विद्यापीठ अनुदान आयोग कायद्यान्वये पदवी देण्याचा अधिकार विद्यापीठांस, अभिमत विद्यापीठांस आणि संसदेने खास अधिकार दिलेल्या संस्थांसच आहे. म्हणूनच अहमदाबाद व कलकत्ता येथे १९६१ साली स्थापन झालेल्या नामांकित व्यवस्थापन संस्थाही कित्येक दशके पदविकाच देत होत्या. २०१७ चा कायदा ३१ जानेवारी २०१८ पासून अमलात आला, तेव्हा त्यांस पदवी देण्याचा अधिकार लाभला. तेव्हा पदविका म्हणजे कमीपणा, असे मुळीच नाही. मात्र जी पदविका आहे तिला पदविकाच म्हणावे, आणि जो अजून शिकत आहे त्याच्या नावापुढे 'प्रथम वर्ष' लिहावे. सोयरीक जुळताना लिहिलेला एक शब्द पुढे खोटा ठरला, तर दोन्ही घरांचे मन दुखावते.

याहून मोठा धोका पैशाचा आहे. मुलाच्या शिक्षणासाठी बाप कर्ज काढतो, प्रसंगी शेतीचा तुकडा विकतो. अशा वेळी शुल्क भरण्यापूर्वी दोन प्रश्न विचारावेत : शेवटी हाती पडणारे प्रमाणपत्र कोणत्या विद्यापीठाचे? आणि ते पदविकेचे असल्यास अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची मान्यता आहे काय? उत्तर कागदावर मिळाल्यावाचून पैसे देऊ नयेत.

आता पात्रतेविषयी. राज्यातील प्रवेशासाठी पदवीस किमान ५० टक्के गुण लागतात. महाराष्ट्रातील मागासवर्गीय, आर्थिकदृष्ट्या दुर्बल व दिव्यांग उमेदवारांस ४५ टक्के चालतात. अखिल भारतीय 'कॅट' परीक्षेस मात्र ४५ टक्क्यांची सवलत अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती व दिव्यांग यांनाच आहे. इतर मागासवर्गीयांस ५० टक्केच लागतात. शिवाय केंद्राच्या नमुन्यातील इतर मागासवर्गीय प्रमाणपत्र निराळे असते. जात प्रमाणपत्र, वैधता प्रमाणपत्र आणि नॉन-क्रीमिलेयर दाखला यांची तजवीज परीक्षेच्या आधीच करावी. प्रवेशाच्या आठवड्यात तहसील कचेरीत धावाधाव करून काम होत नाही. सर्व कागदांवर नावही एकाच वळणाने लिहिलेले असावे.

कॅटमध्ये पर्यायी प्रश्नाच्या चुकीच्या उत्तराला एक गुण वजा होतो. राज्याच्या सामाईक परीक्षेत तसा कापला जात नाही. म्हणून एकीकडे संयम, तर दुसरीकडे एकही प्रश्न न सोडण्याची सवय, अशी दुहेरी तयारी हवी. इंग्रजीचे भय वाटत असेल, तर रोज वर्तमानपत्राचा एक लेख वाचून त्याचा सारांश स्वतः लिहावा. नियम वर्षागणिक बदलतात, म्हणून त्या वर्षाची माहितीपुस्तिका मुळातून वाचावी.

मुलाखतीत किंवा अर्जात स्वतःविषयी लिहावयाचे असते. तेथे 'मी नेतृत्वगुणसंपन्न आहे' अशी पोकळ वाक्ये कोणासही पटत नाहीत. ज्याने घरच्या राइस मिलमध्ये काम केले, त्याने तेच लिहावे. सरकारी भरडाईत क्विंटलभर साध्या धानामागे ६७ किलो तांदूळ द्यावा लागतो. ओलावा वाढला किंवा कनकी जास्त निघाली, तर हिशेब कसा कोसळतो, हमालांची मजुरी व उधारी कशी सांभाळली, हे त्याच्याइतके कोण जाणतो? हाच त्याचा खरा अनुभव. त्याची त्याने लाज बाळगू नये, आणि फुगवूनही सांगू नये.

नागपुरास २०१५ पासून भारतीय व्यवस्थापन संस्था आहे. तुमसर रोडहून ती काही परदेशी नाही. तेथवर आपली मुले-मुली पोहोचावीत, आणि पुढील स्मरणिकेत त्यांची नावे छापताना प्रत्येक अक्षर खरे असावे, हीच आमची इच्छा.