अपस्मार : समदुःखींची सोबत

अपस्मार, म्हणजेच फिट येणे, हा मेंदूतील विद्युत्संकेतांच्या तात्पुरत्या बिघाडातून उद्भवणारा विकार होय. तो स्पर्शाने पसरत नाही. योग्य व नियमित औषधोपचाराने सुमारे ७० टक्के रुग्णांचे झटके थांबू शकतात. परंतु वर्गात सर्वांदेखत झटका आलेल्या मुलाच्या मनातील संकोच गोळीने जात नाही. विवाह जुळणार नाही या धास्तीने घरची मंडळी आजार लपवितात आणि तो तरुण एकाकी पडतो. वास्तविक, जैनांनाही लागू असलेल्या हिंदू विवाह कायद्यातून अपस्माराची आडकाठी १९९९ च्या दुरुस्तीने काढून टाकलेली आहे.

पुण्यात यशोदा वाकणकर यांनी स्वतः हा आजार सोसून ‘संवेदना फाउंडेशन’द्वारे अपस्मारग्रस्तांचा स्वमदत गट उभा केला. जागरण कसे टाळावे, गोळीची वेळ कशी सांभाळावी, मित्रांना काय सांगावे, हे त्याच वाटेने गेलेला सोबती जितक्या आपुलकीने सांगतो, तितके इतरांना साधत नाही. अर्थात ही सोबत डॉक्टरांच्या सल्ल्याला पूरक असते, पर्याय नव्हे.

अशा सोबत्यांपर्यंत मुलांनी पोहोचावे, यासाठी आधी समाजाने कुजबुज थांबविली पाहिजे. मग आईवडिलांना लपविण्याचे कारणच उरणार नाही.